सासुरवाडीचा वूफर

संपतरावांनी गाडीची डिकी उघडली आणि माझ्या साताऱ्याच्या कार-स्पीकरच्या दुकानासमोरच सख्ख्या भावाला झापलं. "बघा मेस्त्री, तुमी वूफर बसवला तवा काचा थरथरायच्या. ह्यानं सासुरवाडीचा दुसरा लावला आन् वाटुळं केलं!"

धाकटा विजय फौजी. सुट्टीत दादाची गाडी घेऊन सांगलीला सासऱ्यांकडं गेला, तेव्हा भावाला खूश करायला तिथल्या मेकॅनिककडून माझ्या वूफरशेजारी दुसरा बसवून घेतला. बेस वाढायचा तो गायबच झाला. पंधरा दिवस मेढ्याच्या घरात दोघं भाऊ जेवायलाही वेगवेगळे बसत होते. परवा विजयची सुट्टी संपत होती.

"माझा एकटा बी झ्याक वाजतोय," विजय म्हणाला. "पर दादा ऐकतच न्हाई."

खरंच, एकेकटे दोन्ही उत्तम वाजले. एकत्र लावले की मुळमुळीत. मला लगेच कळलं. वूफरचा पडदा पुढंमागं हलून हवा ढकलतो. एकाच्या प्लस-मायनस वायरी उलट्या असल्या, तर एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. अॅम्प्लिफायर बिचारा दोघांना ताकद पुरवतो आणि आपल्या हाती भोपळा. वूफर एकटाच असला, तर तो उलटा आहे याचा कुणाला पत्ताही लागत नाही.

"सांगलीवाल्यानं वायरी उलट्या जोडल्यात," मी ठोकून दिलं. वीस वर्षांचा अनुभव काय उगाच?

संपतराव खुलले. "म्या म्हनलं न्हवतं? सासुरवाडीचं कवा धड असतंय व्हय!" विजय खाली मान घालून उभा राहिला.

खात्रीसाठी म्हणून, खरं तर ऐट मिरवायला, मी टॉर्चचा सेल घेतला. सेलचं प्लस वूफरच्या प्लस वायरीला टेकवलं की पडदा बाहेर यायला हवा. विजयचा बाहेर आला. माझा आत गेला.

पुन्हा टेकवलं. पुन्हा आतच.

आता आली का पंचाईत! विजयच्या वायरींशी थोडी खाटखूट करून "झालं" म्हणावं, असं मनात आलं. कुणाला कळणार होतं? पण त्या फौजीची ती मान बघून माझी मलाच लाज वाटली.

"संपतराव, उलटा माझाच हाय. पहिल्यापासून."

"मंग पंधरा दिस म्या ह्याला..." संपतराव विजयकडं वळले.

वायरी फिरवल्या, गाणं लावलं. शेजारच्या दुकानाचं शटर खडखडायला लागलं.

"दादा, जरा बारीक कर की," विजय म्हणाला.

"वाजू दे रं," संपतराव म्हणाले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

तेव्हापासून एकच वूफर असला तरी मी सेल लावून बघतो. त्याआधीचे किती उलटे बसवलेत, देव जाणे. त्या गिऱ्हाइकांपैकी एकाचीही तक्रार नाही. उलट, येतात तेव्हा माझ्या कामाचं कौतुकच करतात.