बाबांचं वंगण

लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या माझ्या जुन्या मोटारसायकलला चेन नव्हती. इंजिनातून निघालेला पोलादी दांडा मागचं चाक फिरवायचा. आख्ख्या मेहकरात तशी दुसरी गाडी नव्हती आणि मला त्याचा भलताच तोरा होता. त्या तोऱ्यातच धाकट्या बहिणीला म्हणालो, "एसटीनं काऊन जातं? मी नेतो तुले बुलढाण्याले." मास्तरकीच्या शिक्षणासाठी तिची मुलाखत अकराला होती. ती हुकली की बाबा तिचं लग्न ठरवणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी मी गाडी तपासली. मागचं चाक उचलून हातानं पुढेमागे हलवलं. दांडा घट्ट होता, खडखड नव्हती. मग चाकाजवळच्या गिअरच्या डब्याचं बूच काढून आत बोट घातलं. बोट कोरडंच बाहेर आलं. तेल कुठूनतरी झिरपून गेलं होतं आणि दुकान तर बंद झालेलं. चाळीस मैलांत काय होतंय, असं मनाशी म्हणत बूच लावलं. कुणाला काही बोललो नाही.

सकाळी निघालो. चिखलीच्या अलीकडे मागून करकर ऐकू यायला लागली. उतरून डब्याला हात लावला तर चटकाच बसला. फडक्यानं बूच काढलं. आत काळं, दाट, बोटाला खरखरीत लागणारं काहीतरी. वासावरूनच ओळखलं, बैलगाडीचं वंगण. एरंडेलात गवताची राख खलून बाबा ते घरीच करायचे आणि वंगण दिल्याबिगर गाडी गावाबाहेर काढायचे नाहीत. पहाटे उठून त्यांनी माझ्याही गाडीला दिलं होतं.

माझं डोकंच फिरलं. "घात केला बुढ्यानं! गिअरात राख! तुले शिकूच द्याचं नाही त्याले!" भर रस्त्यात ओरडलो.

बहीण रडली नाही. "भाऊ, काल तूच त बोट घालून पाह्यलं. तेल होतं का?"

"नव्हतं," मी म्हणालो.

मागून एक बैलगाडी आली. गाडीवानाच्या गाडीखाली टांगलेल्या नळकांड्यातलं वंगणही राखेचंच. मी निव्वळ एरंडेल मागितलं तेव्हा तो जवळच्या खोपीतून अर्धी बाटली घेऊन आला. पण डबा निवल्याशिवाय पेट्रोलनं धुता येईना. घड्याळात साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. अखेर धुतलं, एरंडेल ओतलं आणि दर दोन मैलांना डब्याला हात लावून पाहत गाडी हाकली. पोचलो तेव्हा तिचं नाव पुकारून झालं होतं. तिथल्या कारकुनानं तिला सगळ्यांत शेवटी बसवलं.

संध्याकाळी बाबा ओट्यावर वाट पाहत होते. "मुलाखत झाली?"

"हो," बहीण म्हणाली.

"वंगण पुरलं ना रे?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. "पुरलं, बाबा."

"काल तू बूच लावून उठला, मंग म्या बी बोट घालून पाह्यलं. कोरडंच होतं. म्हटलं, पोरगी वाटंत अडकाले नको. लगनाचं काय, ते होते मागून."

मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. बहिणीनं पाण्याचा गडू पुढे केला. तो मी आधी बाबांपुढे धरला.