कड्यावरचं ‘जेवलास का?’

बुकित तिमाहच्या जुन्या दगडखाणीत आम्ही किनारा-बचावाचे स्वयंसेवक दोरावरून कडा उतरायचा सराव करतो. पथकातल्या पुणेरी काकांना सगळेच टरकून असतात. उतरणाऱ्याची गाठ ओढत ते विचारतात, इतरांना इथल्या भाषेत “माकान?” आणि मला तेच मराठीत, “जेवलास का रे?” उत्तराशी त्यांना देणंघेणं नसतं. आवाज कापला, की ते माणसाला मागे घेतात.

परवा काका स्वतः उतरणार होते आणि त्यांचा दोर माझ्या हातात होता. दरीकडे पाठ करून ते उभे राहिले, तेव्हा मी सहज विचारलं, “काका, जेवलात का?”

“हो.” आवाज चांगलाच कापरा होता.

“मग आज नको, काका.”

एरवी वाद घालणारे काका मुकाट्यानं मागे आले आणि मटकन खाली बसले. इतकी वर्षं त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.