खाली काही आहे?

पान संपलं की सबनीस काका विचारायचे, "खाली काही आहे?" म्हणजे तळटीप आहे का. असली तर वाचायचीच, टाइप कितीही बारीक असो. "वर लेखक भाषण करतो," ते म्हणायचे, "खाली खरं बोलतो."

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात त्यांनी आयुष्यभर भूल देण्याचं काम केलं. रिटायर झाल्यावर नजर गेली. मी तिथे एमएस्सी करत होते. त्यांना इंग्रजी वाचून दाखवणारं कुणी हवंय, असं मराठी मंडळात कळलं. अनोळखी माणसांशी बोलणं मला जड जायचं. दुसऱ्याची वाक्यं वाचणं जमण्यासारखं होतं. दर शनिवारी जाऊ लागले. "या, कॉन्व्हेंटवाल्या!" म्हणून दार उघडायचे.

शेल्फभर पुस्तकं एकाच विषयाची, अमेरिकन समाजाच्या इतिहासाची. तिथल्या घरांपुढचे व्हरांडे का गेले, फ्रीज आल्यावर बायकांचा दिवस कसा बदलला, असलं सगळं. मुलगा नितीन ओहायोत होता. काकू गेल्यापासून काकांना त्याच्याकडे राहायला जायचं होतं. "सून तिथली, नातवंडं तिथली. अडाण्यासारखा जाऊन बसू का? अभ्यास करून जातो." दाराशी दोन बॅगा तयार होत्या. एकीत कपडे, दुसरीत पुस्तकं.

मार्चमध्ये नितीनचं इंग्रजीतलं पत्र आलं. बर्फ, मुलांच्या शाळा, मग सही. सहीखाली ताजा कलम होता: खालची खोली आम्ही ऑफिससाठी घेतली आहे, इकडे येण्याचा विचार सोडा, तिथेच म्हाताऱ्यांसाठीचं एखादं चांगलं होम बघा.

मी सहीपाशी थांबले.

"खाली काही आहे?"

"नाही, काका."

"बरं," ते म्हणाले, आणि पत्राची नीट घडी करून खिशात ठेवली.

पुढच्या शनिवारी दाराशी बॅगा नव्हत्या. पुस्तकं शेल्फवर परत गेली होती, काही उलटी.

"सकाळी मदतीला येते त्या केअररकडून पत्र पुन्हा वाचून घेतलं," काका म्हणाले. "शाळा फारशी शिकलेली नाही बिचारी. पण शेवटपर्यंत वाचते."

मी शेल्फवरची उलटी पुस्तकं सुलटी करायला लागले.

"भूल मी जन्मभर दिली, पोरी. पेशंटला विचारून द्यायची असते." मग खुर्चीत मागे टेकले. "वाच. म्हाताऱ्या आईबापांचा चॅप्टर राहिलाय ना?"

म्हातारी माणसं मुलांपासून वेगळी कशी राहू लागली, याचा तो चॅप्टर होता. मध्येच ते हसले. "बघ, नितीनचा दोष नाही. हा तर इतिहास आहे." ते हसू मला अजून ऐकवत नाही.

जूनमध्ये ते होममध्ये गेले. तिथे एकच शेल्फ मिळालं, त्यांनी तेही रिकामं ठेवलं. मी पुस्तक पिशवीतून न्यायचे. ऑक्टोबरात ते गेले, तोवर शनिवार चुकवला नाही. पण पत्रानंतर पान संपल्यावर त्यांनी कधीच काही विचारलं नाही. हात मांडीवर ठेवून बसायचे.

पानाखाली तळटिपा असायच्या. मी सगळ्या वाचायचे, मोठ्याने.