तीन बटणांत 'थांब' नव्हतं

मंडळी, पोलीस ठाण्याबाहेर बसून लिहायलोय.

मोबाईलवर मेसेजखाली उत्तराची तयार बटणं येतात ना, ती मराठीत लिहायचं काम मी लातुरात बसून करतो. माझ्या फोनवर माझीच तीन होती: 'हाव' म्हणजे आमच्याकडचं हो, 'चालेल', 'नंतर बोलू'.

आज सकाळी चाकूरहून धाकट्या भावाचा मेसेज आला, "दादा, काकानं पुन्हा आपला बांध कोरला. हाणू का?"

आमच्यात थोरल्याला विचारल्याशिवाय धाकटा हात उचलत न्हाई. मी मीटिंगमध्ये होतो. न वाचताच 'हाव' दाबलं.

त्यानं कुदळीच्या दांड्यानं काकाचं डोकं फोडलं. काका अजून शुद्धीवर न्हाईत.

पोलीस ठाण्यात भाऊ शांतपणे म्हणाला, "तूच तर हाव म्हणलास."

'थांब' असं बटण करायचं मला कधी सुचलंच न्हाई. तुम्ही शेवटचं कुणाला 'थांब' म्हणलात?