पाह्य, पण दाबू नको

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी माझ्या मोठ्या बहिणीचं नाव घेईन. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाई सातवीपर्यंत शिकली. आठवीची शाळा कुरखेड्याला होती. तिथं ती गेली नाही, कारण आई धानाच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, किंवा मोहफुलं वेचायला गेली की मला सांभाळायला घरी कोणीतरी हवं होतं. पुढे त्याच शाळेत मी शिकलो, मग कॉलेज केलं, पदवी घेतली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावात माझं कौतुक होतं. बाईची शाळा माझ्यामुळे सुटली हे मात्र कोणी बोलत नाही. ती तर कधीच बोलली नाही.

नोकरीसाठी मी चंद्रपूरला आलो आणि एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत राहू लागलो. घरमालक म्हणजेच जुने फोटोवाले. मोबाईल आले तसं त्यांचं गिऱ्हाईक गेलं, पण फोटो धुवायची खालची अंधारखोली त्यांनी मोडली नव्हती. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला चिडवायला 'पदवीवाले' म्हणायचे. एका रविवारी त्यांनी कपाटातून एक रोलचा कॅमेरा काढून माझ्या हातात ठेवला.

"घ्या पदवीवाले, शिका. मोबाईलमधी तुमी फोटो काढत नाई, मोबाईल काढते. तुमी नुसते उभे राह्यता."

पहिला रोल मी वाया घालवला. फोटो आले का ते बघायला कॅमेऱ्याची पाठ उघडली. भाऊ डोक्याला हात लावून हसले. "अंडं उबवाले ठेवलं आन फोडून पाह्यलं, पिल्लू झालं का म्हणून!"

मग त्यांनी उजेडाचा हिशेब शिकवला. भिंगात एक भोक असतं, ते लहानमोठं करता येतं. आकडा लहान तर भोक मोठं, हे उलटं गणित मला पाठ व्हायला वेळ लागला. दुसरा हिशेब वेळेचा: पडदा किती वेळ उघडा ठेवायचा. तिसरा रोलचा: कुठला रोल थोड्या उजेडात भागवतो, कुठल्याला जास्त लागतो. हे तिन्ही जुळले तर फोटो. कॅमेऱ्यातून पाहिलं की कडेला एक बारीक काटा दिसायचा. उजेड जास्त असला की वर जायचा, कमी असला की खाली पडायचा.

मला ते समजलं ते तलावामुळे. आमच्या गावच्या तलावाला तुडूम आहे, म्हणजे पाणी सोडायचं दार. दार किती उघडलं आणि किती वेळ उघडं ठेवलं, त्यावर धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, भरतात. जास्त झालं तर धान सडतो. कमी झालं तर शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचतच नाही. आमची बांधी शेवटची होती. वरच्यांनी पाणी अडवू नये म्हणून बाई तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, राखण बसायची, मला मांडीवर घेऊन. भाऊंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बराबर. फोटोतली सावली म्हणजे शेवटची बांधी. तिथी पोचलं तं सगळीकडं पोचलं. आन नाई पोचलं, तं मंग मागून काई करता येत नाई."

धानाची मळणी चालू असताना मी बाईच्या सासरी गेलो. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला मूल झालं होतं. मुलगा. नाव ठेवलं होतं, पण सगळे बाबूच म्हणायचे. मी पहिल्यांदाच त्याला पाहणार होतो. कॅमेरा सोबत होता, त्यात भाऊंनी दिलेला मुदत संपलेला काळापांढरा रोल.

बाई अंगणात सुपानं धान पाखडत होती. मी तिचा एक फोटो काढला.

"काऊन गा भाऊ, मोबाईल फुटला का तुहा? हा डब्बा कुठून उचलून आणला?"

"कॅमेरा आहे बाई."

"दाखव मंग, कशी दिसतो मी."

"आता नाई दिसत. रोल संपला का धुवावा लागते, मंग दिसते."

"म्हणजे माह्या तोंडाचं काय झालं, ते तुले बी माईत नाई?"

"नाई."

"वा रे शिकलेला माणूस! भात चुलीवर ठेवाचा आन झाकण काढून पाहाचं नाई!"

ती सूप खाली ठेवून हसली. आतून तिच्या सासूनं विचारलं, "लेकराचा काढून नाई राह्यला ना गा?"

आमच्या भागात पुष्कळ घरांत जावळ काढेपर्यंत लेकराचा फोटो काढत नाहीत. फोटोत गेलं ते अर्धं बाहेर गेलं, असं म्हातारी माणसं म्हणतात. म्हणून बाबूचा मोबाईलवरही एक फोटो नव्हता. मला त्यात वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. आमच्या घरी माझ्या वेळीही तसंच पाळलं होतं.

बाबू ओसरीच्या टोकाला बाजेवर झोपला होता. बाईनं बाज अशी टाकली होती की डोकं छपराच्या सावलीत राहावं आणि पायांना अंगणातलं कोवळं ऊन लागावं. मी तिला विचारलं, फोटो नाही काढत, पण त्याच्याकडे बघून भिंग जुळवायला शिकू का. तिनं आत पाहिलं, मग हळूच म्हणाली, "पाह्य, पण दाबू नको."

मी बाजेजवळ गुडघ्यावर बसलो. भिंग फिरवून अंधुक चेहरा स्पष्ट करायचा, परत अंधुक करायचा, परत स्पष्ट. काटा पार खाली पडला होता. बटणावर बोट होतं. मी दाबलं नाही.

मग मागे सरकून अंगणाकडे वळलो. तणसाचा म्हणजे पेंढ्याचा ढीग, धानाची रास, सूप धरलेली बाई, सगळं उन्हात लखलखत होतं. काटा वर गेला. मी भोक बारीक केलं, वेळ कमी केला आणि बटण दाबलं. फोटोच्या एका कडेला बाजेचा खुरा आणि ओसरीचा कोपरा येत होता. चौकट भरलेली दिसते म्हणून तो राहू दिला.

मोहफुलं पडायच्या दिवसांत बाबू तापानं गेला. मी पोचलो तेव्हा त्याला पुरून माणसं परत आली होती. बाई ओसरीत बसली होती, टोपलीतली मोहफुलं तशीच कुबट होत होती, आणि कोणी तिला उठ म्हणत नव्हतं. मी तिच्याजवळ बसलो. ती म्हणाली, "चहा घेतला का?" तेवढंच.

नंतर पुष्कळ दिवसांनी तिचा फोन आला. त्यांच्या गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर मिळते. फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता.

"भाऊ, तुह्या त्या डब्ब्यात बाबू आहे का?"

मी खोलीतला कॅमेरा काढून हातात घेतला.

"त्याचं तोंड मले आठवून नाई राह्यलं," ती म्हणाली. "हात आठवते. वास आठवते. तोंड पाहाले गेली का दुसऱ्याच लेकराचं येते. मायले असं होते का गा? मीच तुले नको म्हटलं."

मी म्हणालो, "एका फोटोत बाज आली असंल. कोपऱ्यात."

"पाह्य," ती म्हणाली, "मी वाट पाह्यतो." आमच्याकडे बायकाही 'पाह्यतो', 'दिसतो' असंच बोलतात.

रोल अजून कॅमेऱ्यातच होता, अर्धा कोरा. भाऊंना सांगितलं. त्यांनी त्या दिवशी चेष्टा केली नाही. उरलेला रोल तसाच गुंडाळायला लावला आणि दुपारी अंधारखोलीच्या फटी चिंध्यांनी बुजवून तो आम्ही धुतला. ओली पट्टी त्यांनी खिडकीसमोर धरली.

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. जिथं उजेड पडला तिथं काळं, जिथं पडला नाही तिथं कोरी पारदर्शक पट्टी. अंगण दाट काळं आलं होतं. ओसरी काचेसारखी कोरी होती. तिच्यातून मला पलीकडच्या घरावरची कौलं दिसली.

"इथी काई नाई गा," भाऊ हळू म्हणाले.

"कागदावर करून पाहू ना भाऊ."

त्यांनी नाही म्हटलं नाही. पट्टी सुकल्यावर लाल दिव्याखाली तिच्यातून कागदावर उजेड पाडला आणि कागद रसायनाच्या पाण्यात सोडला. कागदावर काळोख आधी येतो, हे मला तेव्हा कळलं. ओसरी पहिल्यांदा काळी झाली. भाऊंनी परत केलं. तारेला पुठ्ठ्याचा तुकडा लावून तो कोपऱ्यावर हलवत ठेवला, म्हणजे तिथं उजेड कमी लागेल आणि काळेपणा उतरेल. तो राखाडी झाला, पण त्या राखाडीत काही नव्हतं. पुन्हा केलं. पुन्हा केलं. मी कागदावर इतका वाकलो की भाऊंनी माझ्या खांद्याला धरून मागे ओढलं.

"ज्याले उजेड भेटलाच नाई गा, त्याले मी कुठून आणू?"

आणि मग त्यांनी बोट ठेवलं. काळ्या ओसरीतून बाहेर, उन्हात, एक पाय वर आला होता. झोपेत झाडलेला. घोट्याला काळा दोरा. पाचही बोटं फाकलेली, स्पष्ट.

तेवढा भाग त्यांनी मोठा करून दिला. सुकल्यावर विचारलं, "पाठवान का? तिनं तोंड मागितलं आन तुमी पाय द्यान. लय रडन ती."

मी अंगणाचा आणि पायाचा, दोन्ही फोटो पाकिटात घातले. फोनवर हे सांगायचं धाडस नव्हतं, आणि पाळीवर उभं राहून तिनं ते ऐकावं असंही वाटेना. म्हणून चिठ्ठी लिहिली. घरी बोलतो तशीच लिहिली.

*बाई,*

*तोंड नाई आलं. आधी हेच सांगतो, म्हणजे तू फोटोत शोधत नाई बसणार. आमी दोघांनी लय पाह्यलं. तू त्याचं डोकं सावलीत ठेवलं होतं, डोळ्यावर ऊन नको म्हणून. फोटो काढतानी मी अंगणाचा उजेड धरला, तो सावलीपर्यंत नाई पोचला. आपल्या शेवटच्या बांधीसारखं झालं.*

*पाय आला आहे. दुसऱ्या फोटोत मोठा करून घेतला. दोरा तूच बांधला होता.*

*तू म्हणतो मीच नको म्हटलं. प्रत्येकच माय नको म्हणते. आपल्या मायनं माह्यासाठी बी म्हटलं होतं. पण तू मले पाह्य म्हटलं होतं, आन मी पाह्यलं. भिंग जुळवाले लय वेळ लागते, तेवढा वेळ मी त्याच्याकडंच पाहून होतो. मले जे आठवते ते लिहितो. जे नाई आठवत ते नाई लिहीत.*

*कपाळ रुंद होतं, तुह्यासारखं. डावी भिवई पातळ, उजवी दाट. नाक बसकं, टोकाले घामाचा एक थेंब. झोपेत खालचा ओठ आत ओढत होता आन सोडत होता. काजळाचा टिक्का गालावर पसरला होता, कानापर्यंत. कान लहान, त्याची पाळी गालाले चिकटून, आपल्या बाबासारखी. एकदा डोळे न उघडता हसला. तेव्हा उजव्या गालाले खळी पडली, डाव्याले नाई.*

*रंग मले बराबर सांगता येत नाई. सावली होती.*

*हे वाचून त्याचं तोंड आलं तं ठीक. नाई आलं तं मले बोलव, मी येऊन परत सांगतो. कितीकदा बी सांगीन.*

*तुहा भाऊ*