भाऊसाहेबांचे नाजूक मासे

आमच्या ग्रामपंचायतीतले क्लार्क भाऊसाहेब नळाच्या पाण्यावर दर महिन्याला ‘पिण्यास योग्य’ असा शेरा मारतात. तपासायची गरजच काय? घरी मात्र ते बोटाएवढ्या परदेशी सिक्लिड माशांची पैदास करतात आणि त्यांचं पाणी रोज तपासतात.

चांगल्या पाण्यासाठी निवेदन घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते काचेच्या टाकीत कॅनमधलं फिल्टरचं पाणी ओतत होते.

“नळाचं का नाही?”

“येडा हाय का? त्या खारट पाण्यात अंडी सडत्यात. लई नाजूक जात हाय.”

“आणि निम्म्या गल्लीला मुतखडा झालाय, त्याचं काय?”

“मान्सांना सवय हुऊन जाती रे.”

निवेदन त्यांनी न वाचताच परत दिलं. मग, उन्हातून आलास म्हणून, त्याच कॅनमधलं पाणी प्यायला दिलं. मी ते प्यालो आणि, खोटं कशाला सांगू, दुसरा पेलाही मागितला.