न पिणाऱ्याचं दुखणं

आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नाव संगप्पा. शिरूर अनंतपाळला किराणा दुकान, गळ्यात इष्टलिंग, अन् शेजारी कुणी सोड्याची बाटली फोडली तरी दचकणारा माणूस. पण वर्षभर पोटात अशी कळ यायची की गुडघे छातीशी घेऊन बसायचे. खाल्लेलं अंगी लागंना. लातूरच्या डॉक्टरनं स्कॅन बघून सांगितलं, स्वादुपिंडाला जुनाट सूज हाय, नळीत खडा हाय. मग विचारलं, "रोज किती घेता?"

मालक म्हणाले, "दोन कप. साखर कमी."

डॉक्टर हसले. न पिणाऱ्यालाबी हे होतं, असं त्यांनी नीट समजावलं. पण ते ऐकायला गाव तिथं नव्हतं. गावाला एवढंच ठाऊक, असलं दुखणं दारूनं होतं. दुर्बिणीनं खडा काढून परत आलो, तर देशी दारूच्या दुकानापुढचे गडी मालकांना आदरानं नमस्कार घालायला लागले. माझं डोकंच फिरलं. अहो, चोरून प्यायलाबी हिंमत लागती, ती ह्या माणसात कुठून यायची?

त्यातच आमच्या पोरीची, शिवकन्याची सोयरीक रेणापूरला जमत आलेली. मुलाचे वडील अण्णाराव घरी जेवायला आले. मालकांनी पहिल्या घासाबरोबर पचनाची कॅप्सूल घेतली, तेलाची भाजी बाजूला सारली. अण्णारावांनी ते बरोबर टिपलं.

"आमच्या कानावर आलंय," ते म्हणाले. "पिणाऱ्याच्या घरची पोरगी आम्हाला नको."

शिवकन्या दाराआड उभी होती. तिचं तोंड उतरलं. मालक तर ताटातला भात चिवडत बसले.

मी तडक उठले अन् व्यंकटीला बोलावून आणलं. हा गडी दिवसभर देशी दुकानाच्या ओट्यावर बसलेला असतो. कोण आलं, कोण गेलं, सगळं त्याला माहीत.

"खरं सांग," मी म्हणलं, "मालकांना तिथं कधी बघितलंस का?"

व्यंकटी दाराची चौकट धरून उभा राहिला. "संगप्पा सावकार? कधीच न्हाई. ते येत असते तर मला रोज दुसऱ्याकडं मागावी लागली असती का?" मग त्यानं अण्णारावांना निरखून बघितलं. "हे मात्र येतेत. बाजाराच्या दिवशी."

अण्णारावांचा घास हातातच राहिला.

"अन् ह्यांचा पोरगा?" मी विचारलं.

व्यंकटीनं जरा आठवून बघितलं. "बापाला न्यायला येतो. बाहेरच उभा राहतो, आत पाय ठेवत न्हाई."

पोरगा पीत न्हाई, मला एवढंच पाहिजे होतं; अण्णारावांनीबी मान हलवली अन् सोयरीक तिथंच पक्की झाली. अण्णाराव निघाले तसं मी त्यांच्या हातात लातूरच्या डॉक्टरचा पत्ता ठेवला, अन् सांगितलं, "किती घेता म्हणून विचारतील, तेव्हा खरं सांगा."